आंदणाची तांबडी

ती गाय मीच निवडली. मुलाने नाही, सुनेने नाही. आमच्याकडे लग्नात पोरीबरोबर आंदण म्हणून गाय देतात, आणि ती निवडायची घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने. सासू गेल्यापासून ती बाई मी आहे.

आमचं गाव कराडच्या बाजूला, मलकापूर ओलांडून थोडं आत. उसाचं रान आहे, पाणी आहे. मालक पलटणीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी, मुलगा, सून आणि दोन नाती. थोरली नात बारावीनंतर घरात राहिली, गाईंचं सगळं तीच बघायची. धाकटी शिकत गेली आणि जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. हे लिहिते आहे ते थोरलीचं.

गाय निवडायची एक पद्धत आहे. सकाळी गोठ्यात जाऊन आधी नाक बघायचं. ते ओलं पाहिजे, दव पडल्यासारखं. कान मुठीत धरायचा, ताप असला तर तळहाताला कळतो. पहिली धार जमिनीवर काढून गाठी येतात का ते बघायचं. मग चारा टाकून तासभर नुसतं बसून राहायचं. जी गाय चारा सोडून माणसांकडे बघत राहते ती द्यायची नाही, नव्या घरी ती ओरडून ओरडून आटते. हे सगळं मी केलं. तांबडी सगळ्यात पास झाली.

पण मी तिला निवडलं ते एवढ्यासाठी नाही. ती आजारातून उठली होती म्हणून निवडलं.

त्या वर्षी पौषात मुलाने बाजारातून एक काळी गाय आणली. थोरली तेव्हा मामीच्या आजारपणासाठी मामाकडे गेली होती, ती फाल्गुन सरल्यावरच परतली. तोपर्यंत दावणीला तांबडी आणि बांडी अशा दोनच होत्या. काळी आली ती खोकतच आली. आठ दिवसांत तिघींना ताप. नाकपुड्या आतून लालभडक झाल्या, नखाने खरवडल्यासारख्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, चाऱ्याला तोंड लावीनात. गुरांचा डॉक्टर येऊन इंजेक्शनं देऊन गेला. थंडीचं आहे, म्हणाला. पंधरा दिवसांत तिघी बऱ्या झाल्या.

माझ्या लहानपणी गोवर आला की आई म्हणायची, एकदा येऊन गेला, आता पुन्हा भ्यायचं कारण नाही. माणूस पक्का होतो. मी गाईलाही तेच लावलं. तांबडीला येऊन गेलंय, आता तिला काही होत नाही, पोरीच्या घरी पक्की गाय जाईल. हा माझा हिशेब.

फाल्गुनात बांडी गाभडली. सातवा महिना होता. दुपारी मुलगा आणि सून जेवायला बसली होती, मी पाणी पाजायला गेले तर मागे पडलेलं. पाडी होती. पापण्यांना केस फुटले होते, अंगावर नव्हते. बांडी वळून हुंगत होती.

सासूने मला सून म्हणून आले त्याच वर्षी शिकवलं होतं, की गाय गाभडली हे तोंडातून काढायचं नाही. शब्द ऐकून शेजारची टाकते. म्हाताऱ्या बाईने एकटीने ते उचलायचं, उकिरड्यात खोल पुरायचं, वर मीठ, लिंबाचा पाला आणि दगड. कुणी विचारलंच तर गाय उलटली म्हणायचं, म्हणजे भरवली होती पण गाभ धरला नाही. उलटणाऱ्या गाईत लाज नसते. आमच्या सगळ्या भावकीत हे असंच चालतं. मला वाटतं तालुक्यातही. किती गोठ्यांत किती पुरलेत ते कुणालाच माहीत नाही, कारण सगळ्यांच्या गाई उलटतातच.

मी पुरलं. हात धुतले. त्याच बादलीने तांबडीला पाणी दाखवलं. सुनेला म्हणाले, "बांडी उलटली म्हणून सांग."

सुनेने तिचं पोट रोज बघितलं होतं. तरी ती म्हणाली, "बरं."

आमच्या घरात "बरं" म्हटलं की विषय संपतो. मुलाला कळलं असणार. त्याने विचारलं नाही. वैशाखात थोरलीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नाच्या घरात असली गोष्ट कुणाला नको होती. डॉक्टरला बोलवावं असं माझ्या मनात आलं होतं. पण डॉक्टरची मोटारसायकल दारात दिसली की गल्ली विचारते, आणि गल्लीने विचारलेलं पोरीच्या होणाऱ्या सासरी, जतला पोचायला वेळ लागत नाही.

पोरगी जत तालुक्यात दिली. माणसं चांगली, कष्टाची. पण मुलूख कोरडा. पाऊस आला तर ज्वारी, नाही आला तर नाही. घर चालतं ते चार गाईंच्या दुधावर. पाणी टँकरने येतं, सिमेंटच्या एका हौदात सोडतात, आणि सगळी जनावरं त्याच हौदाला तोंड लावतात.

लग्नानंतर पाचव्या दिवशी तांबडीला टेम्पोत चढवली. कपाळाला हळदकुंकू लावलं, शिंगांना गोंडे बांधले. उन्हाची वेळ टाळायची म्हणून पहाटे निघायचं ठरलं होतं, पण टेम्पोवाला आला अकराला. कराड, सांगली, मिरज, मग पुढं जत. पाच तास ती पत्र्यात उभी होती. तिचं वासरू तिच्या पायात. पोचली तेव्हा तोंडातून फेस गळत होता, असं जावयाने फोनवर सांगितलं.

चार दिवसांनी थोरलीचा फोन आला.

"आजे, तांबडी नाक गाळती."

"जागा बदलली, पाणी बदललं. हळदगुळाचं पाणी दे."

"दिलं. आता हितली पांढरीबी खोकाय लागली."

"उन्हाळ्याचं असतं तसं. तू जपून ऱ्हा."

तांबडी आठ दिवसांत बरी झाली. त्यांच्या चारी गाई आजारी पडून बऱ्या झाल्या. मी निर्धास्त झाले. श्रावणात पहिली गाभडली. गणपतीत दुसरी, आणि पितृपंधरवड्यात तिसरी. चौथी गाभण नव्हती म्हणून तिचं काही झालं नाही.

तिकडच्या लोकांनी आमच्यासारखं झाकलं नाही, कारण तीन-तीन झाकता येत नाहीत. आणि मग बोलायला सुरुवात झाली. पोरगी आली आणि गोठा बसला. दिराने चेष्टा केली, "वयनी आली आन गोठा मोकळा झाला, शेण काडायचा तरास वाचला." ते ऐकून सगळे हसले, तीही हसली, असं तिने मला सांगितलं. मग हसणं थांबलं. माझी विहीण म्हणजे तिची सासू शेजारणीजवळ म्हणाली, पांढऱ्या पायाची निघाली. ते तिच्या कानावर पडेल असंच म्हणाली. मग तिला गोठ्यात जायला बंदी झाली. मग हौदाला हात लावायला. परसाकडे जायचं तर गोठ्यावरून न जाता घराला वळसा घालून जायचं. आषाढापासून तिला स्वतःला दिवस गेले होते. सासूच्या डोळ्यांत ती भीती बसली होती, की जे गाईंचं झालं ते हिचंही होईल. मी त्या बाईला नुसतं दुष्ट म्हणणार नाही. तिच्या जागी मीही घाबरले असते.

दिवाळी झाली आणि विहीणबाई पोरीला घेऊन आमच्या दारात आल्या. पाचवा महिना होता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे खरं, पण पोर सातव्यात आणतात, ओटी भरून, गाजावाजा करून. हे तसं आणणं नव्हतं. विहीण ओट्यावरच उभी राहिली.

"आवं, बसा की. च्या टाकलाय," सून म्हणाली.

"नगं. परतीची गाडी हाय."

मी म्हणाले, "एवढ्या लांबनं आलाय, घोटभर तरी घ्या."

"घशाखाली उतरत न्हाई, विहीणबाई. हिला हितंच ऱ्हाऊ द्या. बाळातपण हुईस्तवर. फुडचं फुडं बगू."

पुढचं पुढं बघू. आमच्याकडे ज्या पोरींना परत न्यायचं नसतं त्यांच्याबद्दल असंच बोलतात. पोरगी ऐकत उभी होती, पिशवी हातात धरून. सुनेने पदर तोंडाला लावला. मुलगा म्हणाला, "बगू म्हंजे काय?" विहिणीच्या चपला पायात होत्याच, निघून गेली.

त्याच दिवाळीत धाकटी घरी आली होती. तिने ताईला बसवून सगळं विचारलं. कोणत्या गाईला कधी खोकला, कधी ताप, कोणत्या महिन्यात गाभडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, आपल्याकडे कुठली गाभडली होती का? मागच्या वर्षी?"

"न्हाई," मी म्हणाले.

सून चुलीपाशी होती. तिने वर बघितलं नाही.

असं नाही की मला सगळं कळलं होतं आणि मी खोटं बोलले. गाभडण्याचा आणि खोकल्याचा संबंध मला माहीत नव्हता. पण नव्हताच असंही नाही. विहिणीच्या तिसऱ्या गाईची बातमी आली त्या दिवशी माझं जेवण गेलं नव्हतं. मनात आलेलं मी खाली दाबलं. तोंडाला सवय होती, "न्हाई" आपोआप आलं.

थोरली घरात राहू लागली. काम करायची, बोलायची कमी. एकदा सकाळी मी धार काढत होते. ती गोठ्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. ज्या गोठ्यात ती वाढली, ज्या गाईंना तिने नावं दिली, त्या गोठ्याच्या दाराशी.

"आजे, मी आत येऊ का?"

"ये की. गोठा हाय, देऊळ न्हाई."

ती आली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. तिला पटलं होतं, की तिच्या पायातच काही आहे. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी धार काढत राहिले.

मार्गशीर्षात साताऱ्याला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. पट्टी निघाली आणि महिन्याने पुन्हा दाखवायचं होतं. धाकटी रजा काढून आली. दाखवून झाल्यावर म्हणाली, "चल, माझी प्रयोगशाळा बघायला. साताऱ्यापासून लांब नाही, पुण्याच्या रस्त्याला आहे. नव्या डोळ्याने बघ मी काय करते ते." मी गेले. घरी जायची घाई नव्हती. घरी थोरली होती.

तिथं चपला काढून दुसऱ्या चपला घालायला लावतात. एका खोलीच्या दारावर लाल अक्षरं होती, तिथं तिने मला नेलं नाही. म्हणाली, "आत विषाणू वाढवतो आम्ही. तू घरी जाऊन गाईंना हात लावणार, म्हणून नको." हे मला आवडलं. एवढी शिस्त मी गोठ्यात कधी पाळली नव्हती.

बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर तिने चित्रं काढली. ती गाईच्या मूत्रपिंडातल्या पेशी बाटलीत वाढवतात. सपाट काचेची बाटली, त्यात गुलाबी पाणी, आणि तळाला पेशी फरशीसारख्या एकाला एक चिकटून बसतात. मग त्यांवर विषाणू सोडतात. कुठला, ते तिने सांगितलं. गाईंच्या नाकातला आणि श्वासनळीतला नागिणीच्या जातीचा विषाणू. माणसाला होत नाही, गाईला होतो. नाक लाल होतं, ताप येतो, गाभण असेल तर पुढं गाभडते.



तिने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. "ह्यातली आजारी कुठली?"

मी वाकून बघितलं. दोन्हीकडे फरशी. डावीकडची जरा काळसर वाटली. "ही."

"नाही. उजवीकडची. विषाणू आत शिरून दोन तास झालेत. पण तुला नाही दिसायचं, मलाही दिसत नाही. दोन्ही सारख्याच आहेत." मग तिने तिसरं चित्र काढलं. "हे दुसऱ्या दिवशीचं." फरशी फाटलेली होती, पेशी गोल फुगून घोसाघोसाने लटकलेल्या, तासगावकडं पावसानं सडलेल्या द्राक्षांसारख्या. "हे कुणालाही दिसेल. आमचं काम हे नाही. आमचं काम पहिल्या तासांचं. बाहेरून काहीच दिसत नसतं तेव्हा आत काय काय बदललेलं असतं, ते शोधायचं."

"आन कसं शोधता?"

"पेशी फोडतो आणि त्यातली प्रथिनं मोजतो."

"प्रथिनं म्हंजे डाळीतली? डॉक्टर मला खा म्हणतो ती?"

ती हसली. "तीच जात. डाळीत असतात, अंड्यात असतात, तुझ्यात असतात. पेशीतली सगळी कामं तीच करतात. भिंत धरतात, कचरा काढतात, खायला आणतात. हजारो तऱ्हेची. विषाणूकडे स्वतःचं काही नसतं, नुसता कागद घेऊन येतो म्हण. काम करायला ह्यांनाच लावतो." तिने एक लांबलचक यादी दाखवली, इंग्रजीत, समोर लाल आणि निळे ठिपके. "लाल ती वाढली, निळी ती कमी झाली. पहिल्या काही तासांतच."

मी चौथी पास. यादी मला वाचता आली नाही, पण लाल-निळं कळलं. "म्हंजे पेशी मरती न्हवं लगीच?"

"नाही. जिवंत असते. राबते. फक्त त्याच्यासाठी राबते."

"आन ह्या निळ्या कसल्या?"

"ह्यांतल्या काही हाका मारायच्या. पेशीत कुणी शिरलं की ती शेजारच्या पेशीला कळवते, सावध हो म्हणून. त्या कळवण्याला जी प्रथिनं लागतात, ती हा विषाणू सगळ्यांत आधी दाबतो. कळवूच देत नाही. शेजारची बिचारी निवांत असते. तोवर हा तिच्या दारात."

तिने हे रोजच्या कामासारखं सांगितलं. 

"बऱ्या झालेल्या गाईचं काय?" मी विचारलं.

"बरी दिसते. तो जात नाही. जबड्याच्या मुळाशी नसांची गाठ असते, तिथं झोपून राहतो. जन्मभर. गाईवर ताण पडला की पुन्हा उठतो, नाकावाटे बाहेर पडतो आणि दुसऱ्यांना लागतो."

"ताण म्हंजे?"

"व्याली, उपाशी राहिली, लांबचा प्रवास झाला..."

"टेम्पोतनं उन्हात पाच तास?"

ती थांबली. यादीवरून तिचा हात खाली आला. "आजी, तांबडीला हे येऊन गेलं होतं?"

"व्हय. पौषात. तिघींनाबी."

"आणि कुणी गाभडली?"

"बांडी. फाल्गुनात. मीच पुरलं ते."

 बाहेर कुणीतरी भांडी धुवत होतं, काचेचा आवाज येत होता.

"दिवाळीत मी तुला विचारलं होतं."

"व्हय."

"तू नाही म्हणालीस. ताई समोर बसली होती."

"व्हय."

"ताईला मी सांगणार नाही," ती म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद केला. "तू सांगायचंस."

परतीच्या गाडीत तिने मला खिडकीची जागा दिली आणि कराड येईपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहिली.

घरी मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता नको. त्यांनी पोरीला टाकली तर टाकली, पण आपणच रोग दिला म्हणून सांगितलं तर सोयरीक जाईलच, वर पुढच्या पोरीचं लग्नबी हुणार न्हाई. झाकली मूठ." त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. मीच त्याला असं वाढवलं होतं.

थोरलीला सांगायचं होतं. ती सातव्या महिन्यात, माझ्यासमोर गवार मोडत बसलेली. दोन दिवस मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एसटीने जतला गेले. विहिणीसमोर सांगणं सोपं होतं. तिचं माझ्यावर प्रेम नव्हतं.

त्यांच्या गोठ्यात दोनच गाई होत्या. तांबडी आणि ती चौथी. तांबडीने मला ओळखलं, मान वर केली. नाक ओलं होतं, कातडी तुकतुकीत. अजूनही निवडायला उभी केली असती तर मी तिलाच निवडलं असतं.

विहीण हौदापाशी घागर भरत होती. "या," ती म्हणाली. "पोरगी?"

"घरी हाय. मी बोलायला आले."

"बोला की."

मी बोलले. उभ्याउभ्याच. पौषातला खोकला, बांडी, उकिरडा, टेम्पो, हौद. धाकटीने सांगितलेलं जेवढं समजलं तेवढं. विहिणीने घागर खाली ठेवली.

"रोग तांबडीत हुता म्हणता?"

"व्हय."

"अजून हाय?"

"मरूस्तवर ऱ्हातो म्हणं."

"यव्वा," ती म्हणाली आणि तांबडीकडे बघत राहिली. "दिसती कशी राणीवानी. आन तुमाला म्हाईत हुतं?"

"रोग हाय हे म्हाईत न्हवतं. बांडी गाभडली हे म्हाईत हुतं. तुमच्या तीन गाभडल्या तवा बोलाय पायजे हुतं."

"आन आमी पोरीला बोलत बसलो."

"व्हय."

"आमी बोललो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आमाला काय कळत न्हवतं. कळत न्हाई ते मानूस कुणाच्या तरी पायावर घालतंय. पन तुमी बोलू दिलं, विहीणबाई. घरची पोर आसून."

 

मी विचारलं, "त्या तीन गाई?"

"इकल्या. बाजारात."

"सांगून?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. ते चांगलं हसू नव्हतं. "सांगून कोन घेतंय वो? उलटत्यात म्हनून सांगितलं."

म्हणजे त्या तीन आता कुठल्या तरी तीन गोठ्यांत आहेत. काळी आमच्याकडे आली ती अशीच कुठून तरी उलटून आली असणार. धाकटीने सांगितल्याप्रमाणे मी विहिणीला म्हणाले, की डॉक्टरला बोलावून गाईंचं रक्त तपासा, नवी गाय तांबडीजवळ बांधू नका, लस मिळते ती विचारा. तिने ऐकून घेतलं. मग मला भाकरी वाढली, कांदा आणि आमटी. मी खाल्ली. ती समोर बसून होती, खात नव्हती.

आठ दिवसांनी ती आणि जावई आमच्या घरी आले. या वेळी आत येऊन बसली, चहा घेतला. सोप्यात सगळे होते. मुलगा खाली बघत होता. विहिणीने थोरलीला जवळ बोलावलं.

"पोरी, माजं चुकलं. गोठ्यातलं तुज्यामुळं झालं न्हाई. तांबडीत रोग हुता. तुज्या आजीनं यिऊन सांगितलं."

थोरलीला आधी कळलंच नाही. ती जावयाकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"रोग हुता? तुला कवा कळलं, आजे?"

"रोगाचं आत्ता ह्या पौषात कळलं. तुज्या भनीनं सांगितलं तवा."

"आन बांडी? आई म्हणाली ती उलटली."

सून उठून आत गेली.

"गाभडली हुती," मी म्हणाले. "तुज्या लग्नाआदी."

"म्हंजे मी गोठ्याच्या दारात उभी हुते, तवा तुला म्हाईत हुतं."

"व्हय."

 तिने पोटावर हात ठेवला. मग जावयाला म्हणाली, "पिशवी भरते. गाडी किती वाजता हाय?"

मुलगा म्हणाला, सातवा महिना आहे, बाळंतपण इथं करायचं असतं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोकांना सांग, उलटली." विहीणसुद्धा तिला म्हणाली, की पोरी, रीत आहे, राहा. तिने ऐकलं नाही. निघताना आईच्या पाया पडली, वडिलांच्या पडली. माझ्यासमोरून गेली.

चैत्रात तिला मुलगी झाली. जतला, सासरी. आमच्याकडून सून गेली होती, महिनाभर राहून आली. घरात तिला मान आहे, सासू गोठ्याच्या किल्ल्या तिच्याकडे देते, असं सून सांगते. म्हणजे जे व्हायला पाहिजे होतं ते झालं. तिच्या पायावरचा आळ गेला.

बांडी पुन्हा गाभण राहिली आहे. काळीने माघात टाकलं, तेव्हा मी गल्लीत जाऊन तोंडाने सांगितलं, गाय गाभडली, रोग आहे, तुमची जनावरं आमच्या पाण्यावर आणू नका. दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. तिसऱ्या घरची म्हातारी हळूच येऊन म्हणाली, "आमचीबी गेल्या साली गाभडली हुती, पन तू काय बोंबलत सुटलीस?" डॉक्टरला बोलावलं, रक्त घेतलं, लस टोचली. हे सगळं फाल्गुनात बांडीचं झालं तेव्हाच करता आलं असतं.

रविवारी थोरलीचा फोन येतो, चित्राचा. आईशी बोलते, बापाशी बोलते. मग सून फोन माझ्याकडे देते. थोरली तिकडून फोन वळवते आणि बाळ दाखवते. बाळ हात हलवतं, जांभई देतं, कधी रडतं. तिच्या बांगड्यांचा हात दिसतो, दुपट्याची कड नीट करताना. तिचा आवाज येत नाही. मी पण काही म्हणत नाही, नुसती बघते, आणि बघून झालं की फोन सुनेला परत देते. मी तिच्या जागी असते तर बाळही दाखवलं नसतं.